बियाण्याला टॅग, लेकराला जन्माचा दाखला

जालना एमआयडीसीतल्या कंपनीची बियाण्याची पिशवी घेताना तुम्ही आधी काय बघता? टॅग बघता. लॉट नंबर, उगवणशक्ती, मुदत. टॅग नसेल तर दाणा कितीही टपोरा असो, पिशवीला हात लावत नाही. मग घरात जन्मलेल्या लेकराचा टॅग, म्हणजे जन्माचा दाखला, कुठं आहे?

शेतीखात्याच्या माणसानं हा विषय का काढला, तर त्याला कारण घडलं. माझ्या ओळखीचा एक गडी एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये फिटर होता. दोन एकर कोरडवाहूवर भागेना म्हणून गाव सोडलेला. त्याला आखातात काम मिळालं, बायको-पोरीलाही नेता येणार होतं. तिथं कुटुंबाच्या व्हिसासाठी लग्नाचा आणि जन्माचा दाखला मागितला, तोही साक्षांकित करून. पोरगी आजोळी, घरीच जन्मलेली. नोंद कुणी केलीच नव्हती. शाळेत गुरुजींनी अंदाजानं 1 जून टाकलेली, आधारवर तारीख निराळीच. गडी एकटाच गेला. नऊ वर्षांची पोरगी फोनवर विचारते, "पप्पा, माझा कागद झाला का?"

पुष्कळांना वाटतं, आधार आहे म्हणजे झालं. तसं नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे 2016 च्या आधार कायद्यातच लिहिलं आहे. नागरिकत्व ठरतं 1955 च्या कायद्यानं. 26 जानेवारी 1950 पासून 30 जून 1987 पर्यंत भारतात जन्मलेल्याला इथला जन्मच पुरतो. 1 जुलै 1987 नंतर जन्मलेल्याच्या आई-बापापैकी एक तरी भारतीय असावा लागतो. 3 डिसेंबर 2004 पासून दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणून लेकराच्या दाखल्याबरोबर स्वतःचेही कागद जपा.

गोव्याकडं बघा. पोर्तुगालच्या कायद्याच्या आधारे, 19 डिसेंबर 1961 पूर्वी तिथं जन्मलेल्या अनेकांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी आपला जन्म लिस्बनला नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं. कित्येक कुटुंबं इंग्लंडात स्विंडनला जाऊन राहिली. सगळी भिस्त आजोबाच्या जन्माच्या जुन्या नोंदीवर. त्या वहीतलं नाव आणि आताच्या कागदावरचं नाव जुळलं नाही की हेलपाटे. मात्र दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीनं घेतलं की भारताचं जातं, हेही ध्यानात ठेवा. पुढं ब्रिटन 2020 साली युरोपीय संघातून बाहेर पडलं. त्यामुळं नव्यानं जाणाऱ्याला आता नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर तिथं काम करता येत नाही.

आता आपलं काम. जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते. बाळंतपण माहेरी झालं तर नोंद माहेरच्या गावी, एमआयडीसीत राहता म्हणून इथं नाही. मुदत 21 दिवसांची. त्यानंतर वर्षाच्या आत विलंब शुल्क लागतं, आणि उशीर जास्त झाला तर परवानगीही लागते. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. नाव न घालता नोंद झाली असेल तर ते 15 वर्षांच्या आत घालता येतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा, मतदार यादी, पासपोर्ट या सगळ्यांसाठी जन्माचा दाखलाच मुख्य कागद आहे. परदेशी न्यायचा असेल तर तो राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून घ्यावा लागतो. यात दिवस जातात. तिकीट काढल्यावर धावपळ नको.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना हात जोडून विनंती आहे. वहीत नाव लिहिताना बापाकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्या. एका काना-मात्रेपायी पुढं त्या माणसाचे वर्षभर चपलांचे तळ झिजतात.

पेरणीची वेळ चुकली तर एक हंगाम जातो, तो पुढच्या वर्षी भरून काढता येतो. नोंदीची वेळ चुकली तर लेकराला बापापासून दूर राहावं लागतं, आणि ती वर्षं परत मिळत नाहीत. आज संध्याकाळी घरातली पेटी उघडा. प्रत्येकाचा दाखला आहे का, नाव-तारीख जुळते का, बघा. नसेल तर उद्याच जन्मगावची गाडी धरा.