मुरमाच्या वाटेवरचे वळण

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात सायकलच्या टायरची दोन अगदी भिन्न स्वभावांच्या जमिनींशी गाठ पडते. वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या बाजूला धानाच्या बांध्यांची सपाट, चिकणमातीची जमीन पसरलेली आहे. तर सालेकसा, देवरी आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत डोंगर, सागवान आणि बांबूचे जंगल व त्यातून जाणाऱ्या मुरमाच्या वाटा आहेत. महाराष्ट्राच्या बहुतांश भागाखाली असलेला दख्खनचा काळा कातळ येथे नाही. येथील खडक त्याहून कितीतरी जुने, ग्रॅनाइट आणि नाइस या जातींचे आहेत, आणि ते झिजले की त्यांतील गारगोटीचे कण न विरघळता तसेच मागे उरतात. दरेकसा, हाजरा फॉल किंवा कचारगडच्या परिसरातील उतारांवर उन्हाळ्यात जी वाट दिसते, तिचा तळ टणक असतो आणि त्यावर या कणांचा पातळ, सैल थर पसरलेला असतो. फरशीवर सांडलेल्या धानाच्या दाण्यांवरून पाय सरकावा, तशी या थरावरून सायकलची चाके सरकतात. सरळ वाटेवर हे जाणवत नाही, वळणावर मात्र लगेच जाणवते.

अशा जमिनीसाठी जे यंत्र घडले, ती माउंटन बाइक, म्हणजे रुंद व दातेरी टायरची, भक्कम सांगाड्याची आणि धक्के शोषणारी यंत्रणा बसवलेली सायकल. तिचा जन्म १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात झाला. तेथील तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडत असत. १९७६ मध्ये त्यांच्या ‘रिपॅक’ नावाच्या उतारावरील शर्यतीला प्रारंभ झाला आणि पुढल्याच वर्षी जो ब्रीझ याने खास या कामासाठी पहिला सांगाडा बनवला. त्या पहिल्या सायकलींना स्प्रिंग नव्हती, धक्के शोषण्याचे सगळे काम टायरमधील हवेलाच करावे लागे. पॉल टर्नर याने १९८९ मध्ये रॉकशॉक्स ही कंपनी स्थापन केली आणि त्यानंतर हवा व तेल यांवर चालणारा, जेमतेम पाच सेंटिमीटर दबणारा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, बाजारात आला. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. महाराष्ट्रात संगमनेरच्या प्रणिता सोमण यांच्यासारख्या खेळाडूंनी तो राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत नेला. परंतु गोंदियासारख्या जिल्ह्यात हे यंत्र पोहोचले ते मुख्यतः ‘गिअरची सायकल’ या नावाने, पुढे स्प्रिंगचा चिमटा आणि साधारण दोन इंच रुंदीचे टायर घेऊन. त्या दोन्ही गोष्टी कशा जुळवायच्या, हे ज्ञान मात्र सायकलीसोबत आले नाही, आणि ही उणीव यंत्राच्या कोणत्याही दोषापेक्षा मोठी आहे.

वळण घेताना चाकावर काय येते, हे आधी पाहणे आवश्यक आहे. दहा मीटर त्रिज्येचे वळण ताशी १८ किलोमीटर वेगाने घेतले, तर बाहेर फेकू पाहणारा जोर सायकलस्वाराच्या वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश इतका असतो; वेग ताशी २७ किलोमीटर केला, म्हणजे दीडपट वाढवला, की हा जोर सव्वादोन पटींनी वाढून वजनाच्या निम्म्याहून अधिक होतो, आणि सैल खडीवर टायरला मिळू शकणारी पकड साधारण याच सुमाराला संपते. घर्षणाच्या शालेय नियमाप्रमाणे टायर जमिनीला किती क्षेत्रफळावर टेकतो, याचा पकडीशी संबंध नसावा. पण तो नियम दोन कठीण, गुळगुळीत पृष्ठभागांसाठी आहे. रबर मऊ असते, जमिनीच्या खाचखळग्यांत शिरून त्यांचा आकार घेते, आणि वाटेवरचा थर सैल असला तर टायरच्या दात्यांना त्यातून खालच्या टणक तळापर्यंत पोहोचावे लागते. म्हणून येथे टेकणाऱ्या भागाचा आकार महत्त्वाचा ठरतो, आणि तो आकार हवेच्या दाबावर अवलंबून असतो.

हा संबंध ढोबळमानाने भागाकाराचा आहे, कारण चाकावरचे वजन हवेच्या दाबाने भागले की टेकणारे क्षेत्रफळ मिळते. सत्तर किलो वजनाचा स्वार आणि पंधरा किलोंची सायकल धरली, तर पुढच्या चाकावर सुमारे ३४ किलो भार येतो. टायरमध्ये ४५ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ४५ पौंड इतका दाब असेल, तर हे चाक अवघ्या ११ चौरस सेंटिमीटरवर टेकते; दाब २५ पीएसआयवर आणला की तोच भाग सुमारे १९ चौरस सेंटिमीटर होतो. टायरच्या कापडाच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षातील आकडे थोडे बदलतात, परंतु कल बदलत नाही. शिवाय टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि उडालेल्या क्षणी त्याची पकड शून्य असते. मऊ टायर तोच खडा आपल्यात दाबून घेतो आणि जमीन सोडत नाही.

तरीही हवा जितकी कमी तितके चांगले, असे समजणे चुकीचे होय. दाब फार उतरला की टायरच्या भिंती वळणावर आडव्या ढकलल्या जातात, सायकल एका बाजूला आणि टायर दुसऱ्या बाजूला जाऊ पाहतो, आणि हँडल वळवल्यावर चाक क्षणभर उशिराने वळते. दगडावर आपटल्यास रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चेपून तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. या दोन मर्यादांच्या मधली जागा शोधणे, हेच दाब ठरवण्याचे सारे कौशल्य आहे. दोन इंचांच्या आसपासचा, ट्यूब असलेला टायर आणि वर सांगितलेले वजन असेल, तर पुढे २६ ते २८ आणि मागे २८ ते ३२ पीएसआय हा चांगला प्रारंभबिंदू मानता येईल. मागच्या चाकावर भार अधिक असल्याने तेथे दोन ते चार पीएसआय जास्त लागतात. पुढचे चाक मात्र थोडे मऊच असावे, कारण मागचे चाक घसरले तर सायकल सावरता येते, पुढचे घसरले तर सहसा स्वार पडतो.

प्रत्यक्षात हवा भरली जाते ती वेगळ्याच पद्धतीने. पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची नळी लावायची आणि टायर अंगठ्याने दाबून पाहायचा, ही सर्वत्र रूढ रीत आहे, आणि टायर अंगठ्याखाली दगडासारखा लागला म्हणजे काम नीट झाले असे मानले जाते. भार वाहणाऱ्या, अरुंद टायरच्या जुन्या काळ्या सायकलीसाठी हा निकष योग्य होता, कारण डांबरी रस्त्यावर टणक टायर हलका चालतो. दातेरी रुंद टायरला तोच निकष लावला की त्याची सारी रचना वाया जाते. अंगठ्याला ३० आणि ४५ पीएसआय यांतील फरक विश्वासाने कळत नाही. जुन्या सायकलींच्या, आत रबरी नळी असलेल्या व्हॉल्व्हवर दाब नीट मोजताही येत नाही. गिअरच्या सायकलींना बहुधा मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो आणि त्यावर साधा दाबमापक चालतो. काही शे रुपयांचे हे उपकरण सायकलवरील इतर कोणत्याही महागड्या सुट्या भागापेक्षा वळणावर अधिक उपयोगी पडते.

गोंदियाच्या हवामानात मोजमापाला आणखी एक कारण आहे. हिवाळ्यात पहाटे तापमान १० अंश सेल्सिअसच्या जवळ येते आणि मे महिन्यातील दुपारी ते ४५ अंशांकडे जाते. बंद जागेतील हवेचा निरपेक्ष दाब, म्हणजे मापकावरील आकड्यात वातावरणाचा सुमारे १४.७ पीएसआय मिळवून येणारा दाब, निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे १० अंशांना २५ पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांना काहीही न करता सुमारे ३० पीएसआय दाखवतो. ज्या चाकाच्या जुळणीत दोन पीएसआयने फरक पडतो, त्याच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. म्हणून दाब ज्या वेळी सायकल चालवायची त्याच वेळी, सावलीत मोजणे श्रेयस्कर.

टायरनंतर येते ती स्प्रिंग, जिला दुकानांत सरसकट शॉकअप म्हणतात. क्रम हाच असावा, कारण लहान खडे गिळण्याचे काम टायरचे असून दगड, मुळे आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या यांसारखे मोठे चढउतार स्प्रिंगने पेलायचे असतात. टायर टणक ठेवून चिमट्याकडून दोन्ही कामे करून घेता येत नाहीत. स्वार नुसता सायकलवर बसल्यावर चिमटा जितका खाली जातो, त्याला इंग्रजीतून आलेला सॅग हा शब्द रूढ आहे; मराठीत त्याला बैठक म्हणू. शंभर मिलिमीटर दबणाऱ्या चिमट्यात ही बैठक २० ते २५ मिलिमीटर असावी. चिमट्याच्या दांडीवर प्लास्टिकचा बंद सैलसर बांधून, तो खाली सरकवून, स्वाराने नेहमीच्या पवित्र्यात हलकेच बसून उतरावे आणि बंद किती वर सरकला ते मोजावे. बैठक हवी ती अशासाठी, की वाट खाली खचल्यावर चाकाला खाली येऊन जमीन गाठता यावी. बैठकच नसलेला चिमटा फक्त वर दाबला जातो, खळगा आल्यावर चाक अधांतरी राहते, आणि तो खळगा वळणात असला तर घसरण अटळ होते. याउलट फार खोल बसलेला चिमटा ब्रेक लावताच आणखी खाली जातो, हँडलचा कोन उभा होतो आणि सायकल अकस्मात आत वळू पाहते.

हवेवर चालणाऱ्या चिमट्यात ही बैठक शॉकच्या लहान पंपाने साधता येते, पण उष्णतेचा नियम तेथेही लागू आहे. थंडीत ७० पीएसआय भरलेला चिमटा भर उन्हाळ्यात ८० दाखवू शकतो आणि बैठक उथळ होते. लोखंडी स्प्रिंगच्या स्वस्त चिमट्यात वरचा गोल खटका फिरवला तर स्प्रिंग अधिक कडक होते, असा समज आहे. खरे तर त्यामुळे स्प्रिंगवरचा आरंभीचा ताण तेवढा वाढतो, तिचा मूळ कडकपणा तोच राहतो. हलक्या स्वाराने तो खटका पूर्ण आवळून ठेवणे म्हणजे बैठकच मोडून टाकणे होय. बऱ्या चिमट्यांत याखेरीज परतीचा वेग ठरवणारी तेलाची यंत्रणा असते, तिला रिबाउंड म्हणतात. परत फार जलद असेल तर दगड ओलांडल्यावर चाक उसळून जमीन सोडते. फार संथ असेल तर एकापाठोपाठ आलेल्या चाकोऱ्यांत चिमटा पुरता वर येण्याआधीच पुन्हा दाबला जातो आणि काही अंतरावर तो जवळजवळ बंद होतो. धानकापणीनंतर वाळलेल्या पांदणीवर, जेथे गुरांच्या खुरांचे ठसे उन्हाने भाजून पक्के झालेले असतात, हा दुसरा दोष सर्वांत लवकर उघड होतो. तेथे परत एक-दोन खटक्यांनी जलद करावी आणि तेच वळण पुन्हा घेऊन पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

पावसाळ्यात या आकड्यांचा उपयोग मर्यादित राहतो. चिकणमाती दात्यांमध्ये भरली की टायर गुळगुळीत होतो आणि दाब कितीही नेमका असला तरी पकड मिळत नाही; तेथे दात्यांतील अंतर मोठे असलेले टायर लागतात. सागाची पाने पडू लागल्यावर जंगलातील वाटेवर दुसरे संकट येते, कारण त्या मोठ्या पानांचा थर दात्यांना खालच्या जमिनीपर्यंत पोहोचूच देत नाही. अशा वळणावर सायकल कमी कलवणे आणि वेग वळणाआधीच उतरवणे, हाच उपाय आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाच्या गाभाक्षेत्रात परवानगीशिवाय जाता येत नाही, हे अशा वाटा शोधणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवे.

दाब कमी ठेवण्यातील खरी अडचण मात्र येथे काट्यांची आणि रिमवर चेपणाऱ्या ट्यूबची आहे. १९९९ मध्ये माविक या फ्रेंच कंपनीने माउंटन बाइकसाठी ट्यूबविरहित चाक आणले. पुढे त्यात द्रवरूप सीलंट घालण्याची पद्धत रुळली, जो बाभळीच्या वा बोरीच्या काट्याचे छिद्र आतून स्वतःच बुजवतो. चेपायला ट्यूबच नसल्याने त्याच स्वाराला पुढे २२ ते २४ आणि मागे २४ ते २७ पीएसआयपर्यंत उतरता येते. मात्र त्याहून खाली गेल्यास जोरदार वळणात टायरची कड रिमपासून क्षणभर सुटून हवा फसकन बाहेर पडते. सीलंट उष्णतेने सुकतो आणि विदर्भातील उन्हाळ्यात तो थंड प्रदेशापेक्षा बराच लवकर सुकतो. म्हणून मार्च ते जून या काळात दर महिन्या-दीड महिन्याने टायर हलवून आतील द्रवाचा आवाज येतो का ते पाहावे, आणि न आल्यास तो पुन्हा भरावा.