लोहारशाळेतले चर्च

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात अठराव्या शतकाच्या अखेरीस सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीयांना जागेवरून उठविण्यात आले. ते बाहेर पडले, ते कायमचेच. स्वतःची किंमत मोजून गुलामगिरीतून सुटलेल्या रिचर्ड ॲलन यांनी एक जुनी लोहारशाळा घोड्यांकरवी आपल्या जागेवर ओढून आणली. १७९४ मध्ये तिथे ‘बेथेल’ चर्च सुरू झाले. गोऱ्या धर्माधिकाऱ्यांनी मात्र तेथील व्यासपीठावर हक्क सांगितला. १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी ‘आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल’ हा स्वतंत्र पंथ स्थापन होऊन ॲलन त्याचे पहिले बिशप झाले. त्या जागेवर आज चौथी वास्तू उभी आहे. वास्तू बदलत गेल्या. जमिनीची मालकी मात्र कृष्णवर्णीयांनी कधीच सोडली नाही.