शिळा ऊस आणि तांबडी परीक्षानळी



“शेत तेच, बेणे तेच, खत तेच, मग उतारा कमी का?” हा प्रश्न गळीत हंगामात आम्हांला गट ऑफिसवर आणि वजनकाट्यावर हमखास ऐकायला मिळतो. उसाची जात, पक्वता, हवामान अशी कारणे अनेक आहेत. पण एक कारण आपल्या हातातले आहे आणि ते समजून घ्यायचे तर ‘अल्डिहाइड’ ह्या पदार्थांची तोंडओळख करून घेतली पाहिजे. नाव जड असले तरी वस्तू घरातलीच आहे.

कार्बनच्या अणूला एकीकडे ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि दुसरीकडे हायड्रोजन जोडलेला असला, की त्याला अल्डिहाइड गट म्हणतात. लीबिग ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३५ साली हे नाव दिले. हायड्रोजन काढून घेतलेले अल्कोहोल, असा त्याचा अर्थ. ह्या गटाचा स्वभाव असा, की तो दुसऱ्याकडचा ऑक्सिजन ओढून घेतो आणि स्वतः आम्ल बनतो.

दालचिनी, जिरे, हिरवी कोथिंबीर ह्यांच्या वासात मुख्य वाटा अल्डिहाइडांचाच. कॉलेजातल्या बरणीतला साप ज्यात ठेवतात ते फॉर्मेलीन म्हणजे फॉर्मल्डिहाइडचे पाण्यातले सुमारे ३७ टक्के द्रावण. प्लायवूड चिकटविण्याच्या रसायनात आणि कोंबड्यांच्या शेडमधील जंतू मारण्यासाठीही फॉर्मल्डिहाइड वापरतात. मात्र ते विषारी आहे, त्याने कर्करोगही होऊ शकतो. दूध टिकावे म्हणून कोणी फॉर्मेलीन घालण्याचा सल्ला दिला, तर तो ऐकू नका. तो कायद्याने गुन्हा आहे.

आता मळीकडे वळू. मळी आंबते तेव्हा यीस्ट साखरेपासून आधी ॲसिटाल्डिहाइड करते आणि मग त्याचे अल्कोहोल होते. हीच वाट उलटीही चालता येते. कोपरगाव तालुक्यातील साकरवाडीला अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड आणि इतर रसायने तयार होतात. दारू पिणाऱ्याच्या यकृतातही अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड होते, आणि पिणाऱ्याला होणाऱ्या त्रासात त्याचा हात असतो. विषारी दारूतल्या मिथेनॉलचे तर शरीरात फॉर्मल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल होते. त्याने डोळे जातात, जीवही जातो.

आता उताऱ्याचे बघू. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ह्यांची बांधलेली जोडी. ग्लुकोजचा अल्डिहाइड गट त्या गाठीत अडकलेला असतो. म्हणून शुद्ध साखर फेलिंगच्या निळ्या द्रावणात घालून तापवली तरी रंग निळाच राहतो. ऊस तोडला, की कांडीतली एन्झाइमे आणि कापलेल्या टोकातून शिरलेले जंतू ही गाठ सोडू लागतात. ग्लुकोज मोकळे झाले, की तेच द्रावण विटेसारखे तांबडे होते. (फ्रुक्टोज अल्डिहाइड नव्हे, पण ह्या द्रावणात तेही तसेच वागते.) लॅबमध्ये ‘रिड्यूसिंग शुगर’ मोजतात ती ह्याच तत्त्वावर.

ही मोकळी साखर चवीला गोडच लागते, पण कारखान्यात तिचे दाणे पडत नाहीत. ती मळीत निघून जाते आणि चुन्याबरोबर तापली की रसही काळपट करते.

ह्यात पैसा किती, तेही पाहू. २०२५-२६ हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरविली. त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे जादा. उतारा घसरला तर ९.५ टक्क्यांपर्यंत त्याच हिशेबाने दर कमी. आणि उतारा एकट्याच्या उसाचा नव्हे, सबंध कारखान्याचा धरतात. एकाच्या फडात दोन दिवस वाळलेला ऊस सर्वांच्या दरातून वसूल होतो. वाळल्याने वजन घटते ते त्याचे त्याला वेगळेच.

तेव्हा वाहन नक्की झाल्याशिवाय तोड सुरू करू नका. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा. फेब्रुवारी-मार्चला तापीकाठचे ऊन चढते, तेव्हा मोळ्या पाचटाने झाका. ऊस जळाला तर त्याच दिवशी गट ऑफिसला कळवा; जळीत ऊस जास्त लवकर बिघडतो. आणि गाडी यार्डात खोळंबली, तर तेही हक्काने सांगा. फडातली दिरंगाई तुमची असेल, यार्डातली आमची आहे.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांनी ताज्या आणि चार दिवसांच्या शिळ्या उसाची एकेक कांडी घेऊन लॅबमध्ये यावे. दोन्ही नळ्या शेजारी ठेवून दाखवू. मग वेगळे सांगायची गरज पडणार नाही.