झोपलेल्यालाही श्वास लागतो

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरहून मुंबईला येताना रेल्वेत लॅपटॉपवर कविता लिहीत बसलो होतो. डोळे जड झाले, तसे झाकण मिटले आणि यंत्र पिशवीत टाकले. मुंबईत उघडतो तर बॅटरी रिकामी आणि कविता गायब! चार ओळी आठवल्या, पाचवी अजून आठवलेली नाही.

"अरे, हा तर नुसता झोपला होता!" मी भाच्याला म्हणालो. तो हसला, "मामू, झोपलेल्यालाही श्वास लागतो."

मंडळी, संगणकाजवळ एक पाटी असते आणि एक वही. पाटी म्हणजे रॅम. चालू काम तिच्यावर असते आणि वीज गेली की ती पुसली जाते. वही म्हणजे डिस्क, तिच्यावरचे टिकते. झोपेत, म्हणजे सस्पेंडमध्ये, बाकी सारे मंदावते किंवा थांबते, पण पाटी जपायला थोडी वीज लागतेच. शीतनिद्रेत, म्हणजे हायबरनेटमध्ये, पाटीवरचे सारे वहीत उतरते आणि यंत्र पूर्ण बंद होते. जागे व्हायला वेळ लागतो, पण विजेची गरज उरत नाही.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. 1991 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेली ही युनिक्सच्या वळणाची प्रणाली. तिच्यात झोपेचे नियम साध्या मजकुराच्या फायलींत लिहिता येतात. 'सिस' फोल्डरातल्या 'पॉवर'मध्ये 'मेम स्लीप' नावाची फाईल असते. तिच्यात 'एस-टू-आयडल' हा शब्द चौकटी कंसात असेल, तर झोप सावध आहे असे समजा. अशा झोपेत काही लॅपटॉप पिशवीतही तापतात. 'डीप' कंसात असेल, तर झोप गाढ. मात्र अनेक नव्या यंत्रांत ही सोयच नसते.

यावर मधला मार्ग आहे. सिस्टिमडी वापरणाऱ्या लिनक्समध्ये 'लॉगइनडी डॉट कॉन्फ' फायलीत झाकणाच्या ओळीपुढे 'सस्पेंड-देन-हायबरनेट' लिहावे. यंत्र आधी झोपते, मग शीतनिद्रेत जाते. किती वेळाने, ते 'स्लीप डॉट कॉन्फ'मध्ये ठरवता येते. त्यासाठी डिस्कवर 'स्वॅप' नावाची जागा हवी, ती रॅमइतकी तरी असावी. 'सिक्युअर बूट' चालू असेल तर अनेक लिनक्स प्रणाली शीतनिद्रेला मज्जाव करतात, हेही आधी पाहून घ्यावे.

टेबलावरच्या संगणकाला बॅटरी नसते. आपल्याकडे वीज कधी जाईल, याचा नेम नाही. त्याच्यासाठी 'हायब्रिड स्लीप' बरी. पाटीवरचे वहीत उतरवूनच यंत्र झोपते. वीज टिकली तर चटकन जागे होते, गेली तर वहीतून परत येते.

पहिल्यांदा हे सारे रिकाम्या कागदावर करून पाहा, महत्त्वाच्या कामावर नको. आणि झाकण मिटण्याआधी 'सेव्ह'चे बटण दाबाच. मी आता प्रत्येक ओळीनंतर दाबतो. पाचवी ओळ पुन्हा गमवायची नाही.