एकराची शेती व सुनांचे उद्योग

आमच्या तेर गावचे नाव निघाले म्हणजे गोरोबाकाकांचे व प्राचीन तगर नगराचे स्मरण होते. परंतु याच जिल्ह्यातील स्त्रियांनी गेल्या तीस वर्षांत जे करून दाखविले, ते आपल्याच लोकांस पुरतेपणी ठाऊक नाही; सबब हा लेखनप्रपंच.

ता. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप होऊन हजारो माणसे दगावली. घरे पुन्हा उभारण्याच्या कामी गावोगावच्या स्त्रिया पुढे आल्या व प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यांस संघटित केले. घरांवरून बचतगट, बचतगटावरून धंदा, अशी ही वाट गेली. पुढे अवर्षणाच्या वर्षांत तीतूनच एक एकर शेतीची पद्धत रूढ झाली.

ती अशी: कुटुंबाच्या जमिनीपैकी अर्धा ते एक एकर तुकडा घरची सून आपल्या विचाराने कसते. तेथे ऊस वा नुसते सोयाबीन न घेता ज्वारी, तूर, मूग, पालेभाज्या मिसळून पेरावयाच्या. आधी घरचे पोट, उरेल ते आठवडे बाजारी. उसाचा पैसा वर्षाने, तोही पाणी टिकले तर. मेथी-कोथिंबीर महिना-सव्वा महिन्यात विकली जाते. पाऊस ओढला तर मूग जातो, तूर तगते. नुकसान लहान असले म्हणजे सोसवते, आणि सोसवते म्हणूनच नवे करून पाहण्याचे धैर्य येते. सर्व प्रकरणाचे मर्म हेच होय. भाजी साधली नाही तर शेळ्या, चारा नसेल तर कोंबड्या, शिवाय गांडूळखताची विक्री. दोनदा पीक बदलून निभावलेल्या मुलीस पिठाची गिरणी घालण्याचे भय वाटत नाही. या कार्यास 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर' पारितोषिक मिळाले.

आता माझ्या जुन्या खात्यातील गोष्ट. पीकपाहणीच्या असंख्य नोंदी माझ्या नजरेखालून गेल्या. खुरपणीपासून मळणीपर्यंत राबणार बाई. पण सात-बारावर तिचे नाव बहुधा नवरा वारल्यावरच, वारस म्हणून चढे. त्यात मला तेव्हा काही वावगे वाटले नाही, हे कबूल करतो. नुसता तोंडी दिलेला एकर चांगला पाऊस होताच पुन्हा उसाखाली जाऊ शकतो, आणि उताऱ्यावर नाव नाही तर पीककर्ज कोठले? शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिल्यानंतर 1992 साली शासनाने पतीच्या स्वखुशीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. अर्ज तलाठ्याकडे द्यावयाचा. वाचकहो, तो एका पानाचा असतो.