धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग आणि तासाचा विक्रम

सायकल दुकानात पान्हा हातात घेऊन बसणाऱ्या आमच्या तरुण वाचकांना स्कॉटलंडच्या ग्रेअम ओब्री यांची हकीकत सांगितली पाहिजे.

पोलिसाचा मुलगा म्हणून शाळेत पोरांचा मार खाल्लेला हा माणूस. पुढे सायकलचे दुकान काढले, ते बुडाले, डोक्यावर कर्ज झाले. अशा अवस्थेत त्यांनी तासाचा विक्रम मोडायचे ठरवले. म्हणजे बंदिस्त धावपट्टीवर एका तासात जास्तीत जास्त अंतर कापायचे. इटलीच्या फ्रान्सिस्को मोझर यांचा १९८४ चा ५१.१५१ किलोमीटरचा विक्रम नऊ वर्षे टिकून होता.

सायकलस्वाराचा खरा शत्रू हवा. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि ताकद आठपट लागते. ओब्रींनी हात छातीखाली दुमडून बसण्याची रीत काढली. तशी सायकल बाजारात नव्हती, म्हणून घरीच बनवली. तिला बेअरिंग बसवले धुण्याच्या यंत्राचे! मिनिटाला बाराशे फेरे घेणाऱ्या यंत्राचे बेअरिंग चांगलेच असणार, असा साधा हिशेब. हे बोलून दाखवल्याचा त्यांना नंतर पस्तावा झाला, कारण जो तो त्या यंत्राबद्दलच विचारू लागला. आम्हीही मथळ्यात तेच केले, हे कबूल आहे.

१६ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे त्यांचा पहिला प्रयत्न फसला. त्या दिवशी घरच्या सायकलची नक्कल वापरली होती. रात्री ते भरपूर पाणी पिऊन झोपले. लघवीला उठावे लागले की पाय ताणून घ्यायचे, म्हणजे आखडणार नाहीत. सकाळी घरची सायकल काढली आणि ५१.५९६ किलोमीटर कापले. सहाच दिवसांत इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमन यांनी तो विक्रम मोडला. एप्रिल १९९४ मध्ये ओब्रींनी ५२.७१३ करून तो परत घेतला.

मग नियम आडवा आला. त्याच वर्षी पालेर्मोच्या जागतिक स्पर्धेत त्या बैठकीवरून त्यांना बाद केले. सायकल संघटनेची ही खोड जुनी. आडवे पडून चालवायच्या सायकलवर फ्रान्सिस फोर यांनी १९३३ साली पॅरिसला तासाला ४५ किलोमीटरची मजल मारली, तर पुढच्याच वर्षी ती सायकलच नियमाबाहेर टाकली. ओब्रींनी वाद घालण्यापेक्षा दुसरी बैठक शोधली, हात सरळ पुढे ताणून. १९९५ ला बोगोटात ते तिच्यावर जगज्जेते झाले. नंतर तीही बंद!

या सगळ्यात मनाच्या आजाराने त्यांना फार छळले. त्याविषयी त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले आहे. आपल्याकडे घरातला असा आजार झाकून ठेवतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

२०१३ च्या सप्टेंबरात, अठ्ठेचाळिशीत, ते अमेरिकेत नेवाडातील बॅटल माउंटनच्या सरळ रस्त्यावर उतरले. तिथे माणसाच्या पायांवर चालणाऱ्या बंदिस्त गाड्यांची वेगचाचणी होते आणि बैठकीची सक्ती नसते. गाडी पुन्हा स्वयंपाकघरात बनवलेली, तिला जुन्या पातेल्याचे तुकडेही लावलेले. पोटावर पडून, डोके पुढे करून त्यांनी ताशी ९१ किलोमीटरचा वेग गाठला. पालथे पडून चालवणाऱ्यांत तो विक्रम ठरला. मनात आकडा मात्र ताशी शंभर मैलांचा होता.