श्वानांचा त्वग्विकार : याप्य व्याधी आणि वैद्याची मर्यादा

आयुर्वेदाने केवळ मनुष्याच्याच आरोग्याचा विचार केला, असे नाही. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आणि शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्वचिकित्सेची परंपरा सर्वांना परिचित आहे. कुमाऊंच्या रुद्रदेव राजाने लिहिलेल्या श्यैनिकशास्त्रात शिकारी पक्ष्यांच्या रोगांचा व उपचारांचा विचार आढळतो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या श्वानाच्या दंशाने होणाऱ्या अलर्कविषाचे वर्णन आहे. असा वारसा असल्यामुळे, घरातल्या कुत्र्याला खाज सुटली की लोक आपल्यासारख्या वैद्यांकडे विश्वासाने विचारणा करतात, यात नवल नाही. या विश्वासाला आपण काय उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

श्रीगोंदा तालुक्यात पूर्वी कुत्रा म्हणजे मळ्यातल्या वस्तीचा किंवा मेंढवाड्याचा राखणदार. घोड आणि कुकडीच्या कालव्यांनी ऊस आला, बंगले उभे राहिले आणि त्यांबरोबर लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पग अशा जातींचे श्वान घरोघर आले. या जातींमध्ये अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती अधिक आढळते. रुग्ण स्वतःचे औषध घेऊन उठता उठता म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आमच्या कुत्र्याला लूत भरलीय. एखादं आयुर्वेदिक तेल द्या, त्यानं काही अपाय तर होत नाही ना!" या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. खाजणारा प्रत्येक कुत्रा लूत भरलेला असतो, हा पहिला; आणि आयुर्वेदीय द्रव्य कुत्र्याला निरपायच असते, हा दुसरा.

व्याधिस्वरूप

श्वानांमध्ये दीर्घकाळ टिकणाऱ्या खाजेची अ‍ॅलर्जीजन्य कारणे मुख्यतः तीन. पहिले पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी. हिच्यात कंबर, शेपटीचे मूळ व मांड्यांचा मागील भाग अधिक खाजतो. दुसरे आहारातील एखाद्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी. तिसरे वातावरणातील परागकण, धुळीतील सूक्ष्म किडे व बुरशी यांची अ‍ॅलर्जी, जिला अटोपी म्हणतात. अटोपी बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते. पंजे चाटणे, तोंड जमिनीला घासणे, कान खाजवणे, काख व जांघ लालसर होणे ही तिची लक्षणे होत. पुष्कळदा ही कारणे एकाच श्वानात एकत्र नांदतात.

संप्राप्तीच्या दृष्टीने पाहता येथे त्वचेचा संरक्षक थर मुळात दुर्बल असतो. त्यातून बाह्य द्रव्ये आत शिरतात, शरीर त्यांविरुद्ध अतिरिक्त प्रतिक्रिया देते, कंडू उत्पन्न होतो. खाजवण्याने त्वचा आणखी फाटते, तेथे जिवाणू व मॅलासेझिया नावाची बुरशी वाढते, आणि त्यामुळे पुन्हा कंडू वाढतो. जुनाट अवस्थेत त्वचा काळी, जाड व तेलकट होते आणि तिला उग्र वास येतो. निज दौर्बल्य आणि आगंतु हेतू यांची ही युती आपल्याला अपरिचित नाही.

लूत हा याहून भिन्न विकार आहे. खरजेच्या किड्यांमुळे होणारी लूत कानाच्या कडा व कोपरांवर प्रथम दिसते, प्रचंड खाजते आणि घरातील माणसांनाही पुरळ आणू शकते. डेमोडेक्स या किड्यांमुळे होणारी लूत माणसाला लागत नाही. नायट्याचे गोल चट्टे मात्र माणसाला लागू शकतात. हा सापेक्ष निदानाचा प्रश्न त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सुटत नाही, आणि ते काम पशुवैद्यकाचे आहे.

लेप जेव्हा पोटात जातो

मनुष्याला लेप दिला की तो बाह्योपचारच राहतो. कुत्रा अंगावर लावलेले सर्व काही चाटतो. त्यामुळे श्वानाच्या बाबतीत प्रत्येक लेप व प्रत्येक तेल हे मात्रा न ठरवता दिलेले आभ्यंतर औषध ठरते. ही एक गोष्ट ध्यानात घेतली तर आपल्या कपाटातील अनेक द्रव्यांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

तुत्थ, हरताळ, मृद्दारशृंग किंवा पारदयुक्त मलमे श्वानाच्या अंगावर कदापि लावू नयेत. कापूर असलेली तेले व मलमे विषारी ठरू शकतात. कुपीलूतील स्ट्रिक्निन कुत्र्याला अत्यल्प मात्रेतही घातक आहे. कोरफडीचा पिवळा चीक पोटात गेल्यास अतिसार होतो. लसूण व कांदा यांनी श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. "कुत्र्याला लसूण चारला की गोचीड पळतात" हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. द्राक्षे व मनुका यांनी श्वानाच्या वृक्कांना इजा होऊ शकते; ज्या जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत तेथे हे आवर्जून सांगावे. रक्तशोधनार्थ आपण माणसाला देतो त्या आसव-अरिष्टांत मद्यांश असतो, आणि तो श्वानाला मानवत नाही. निंब व करंज तेल आपल्याकडे सर्रास लावले जाते; ते चाटल्याने लाळ गळणे, वांती हे उपद्रव होऊ शकतात, आणि फुटलेल्या त्वचेवर ते दाह करते.

आधुनिक मलमांचीही हीच कथा. माणसाच्या सोरायसिसवरील कॅल्सिपोट्रायोलचे मलम थोडेसे चाटले गेले तरी कुत्र्याच्या जिवावर बेतते. झिंक ऑक्साइडची मलमे, टी ट्री तेल हेही वर्ज्य. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारख्या घरातल्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत. शेतावर शेळ्या-मेंढ्यांसाठी ठेवलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचण्याची पद्धत ग्रामीण भागात आहे. कोली व तत्सम जातींत जनुकीय दोषामुळे त्याने मज्जासंस्थेला विषबाधा होते. जनावरांवर फवारण्याचे गोचीडनाशक चुकीच्या प्रमाणात लावणे तितकेच घातक. आणि ट्रॅक्टरचे जळके ऑइल हा तर उपचारच नव्हे. त्याने त्वचा भाजते, आणि चाटलेले ऑइल पोटात जाते.

आमच्या परिचयातील एका बागायतदार कुटुंबात हे सर्व क्रमाने घडले. अडीच वर्षांचा लॅब्रॅडॉर, पावसाळ्यापासून पंजे चाटणारा. प्रथम जळके ऑइल, मग औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले, स्टेरॉइड व बुरशीनाशक एकत्र असलेले मलम, त्यानंतर करंज तेल. पोटावरचे केस गेले, कान वाहू लागला, घरात वास येऊ लागला. लहान नातवंडांना काही लागेल या भीतीने आजोबांनी त्याला दूरच्या रानात बांधण्याचा निर्णय घेतला होता. आम्ही कोणतेही औषध न देता पशुवैद्यकाकडे पाठविले. तपासणीत लूत नव्हती. पिसवा, अटोपी आणि वरून जंतुसंसर्ग होता. दोन महिन्यांत त्वचा निवळली. श्वान आजही घरात आहे. पावसाळ्यात थोडा खाजवतो, आणि त्याची परिचर्या आजही चालू आहे.

याप्यत्वाचा विचार

साध्य, याप्य व असाध्य हा भेद आपल्या शास्त्राने केला. सुश्रुताचार्यांनी याप्य रुग्णाला पडू पाहणाऱ्या घराची आणि चिकित्सेला त्याच्या टेकूची उपमा दिली आहे. अटोपी हा याप्यच व्याधी होय. टेकू काढला की घर खचते. मालकाला पहिल्याच दिवशी हे सांगितले नाही, तर दोन आठवड्यांत बरे दिसताच तो औषध बंद करतो, व्याधी उलटतो, आणि मग नवा वैद्य, नवे तेल असा फेरा सुरू होतो. अखेरीस कुत्रा रस्त्यावर सोडला जातो. रोग बरा होणार नाही, परंतु कुत्रा सुखाने जगेल, एवढे वाक्य वेळीच उच्चारणे ही देखील चिकित्साच आहे.

पशुवैद्यकाची औषधे

पशुवैद्यक काय व कशासाठी देतात हे आपल्याला ठाऊक असावे, म्हणजे मालकाच्या शंकांना योग्य उत्तर देता येते. प्रेडनिसोलोन खाज लवकर थांबवते, परंतु दीर्घकाळ दिल्यास तहान, लघवी व भूक वाढते, स्नायू क्षीण होतात. ते एकाएकी थांबवायचे नसते. अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळालेले ऑक्लासिटिनिब कंडूचा संदेश वाहणाऱ्या इंटरल्यूकिन-३१ आदींचे कार्य रोखते. ते आरंभी जास्तीत जास्त चौदा दिवस दोन वेळा व पुढे एक वेळा देतात. एक वर्षाखालील पिल्लांना देत नाहीत. लोकिवेटमॅब हे इंटरल्यूकिन-३१ ला बांधणारे प्रतिपिंड इंजेक्शनरूपाने साधारण महिन्याच्या अंतराने दिले जाते. सायक्लोस्पोरिनचा गुण दिसण्यास चार ते आठ आठवडे लागतात. माणसाच्या सर्दीवरील अँटिहिस्टामिन गोळ्यांचा श्वानात फारसा उपयोग होत नाही. जंतुसंसर्ग असेल तर त्याचा उपचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पिसवा-गोचिडांसाठी फ्लुरालॅनर, अफोक्सोलॅनर या गटातील गोळ्या आहेत; फिट येणाऱ्या श्वानात त्या जपून वापरतात, म्हणून तो इतिहास पशुवैद्यकाला सांगावा.

निदानपरिवर्जन व दिनचर्या

येथे आपले शास्त्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. हेतूचा त्याग ही चिकित्सेची पहिली पायरी, आणि दिनचर्येचा आग्रह आपल्याइतका कोणी धरत नाही. मालकाला पुढील गोष्टी निःशंकपणे सांगाव्यात.

पिसवांचा मोठा हिस्सा कुत्र्याच्या अंगावर नसून अंडी, अळी व कोश या रूपांत अंथरुणात, फटींत व अंगणात असतो. म्हणून गोणपाट, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात आणि घरातील सर्व कुत्र्या-मांजरांचा उपचार पशुवैद्यकाकडून एकदमच करून घ्यावा. कुत्र्यासाठी आणलेले पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावू नये. ते मांजराला विषासमान आहे.

स्नान साधारण आठवड्यातून एकदा, कोमट किंवा गार पाण्याने. श्वानाची त्वचा माणसाच्या त्वचेहून पातळ आणि आम्लतेने कमी असते. म्हणून आपला अंगाचा साबण, कपड्याचा साबण, शिकेकाई किंवा डाळीचे पीठ न वापरता पशुवैद्यकाने सुचविलेला शाम्पू घ्यावा. क्लोरहेक्सिडीनयुक्त शाम्पू लावून दहा मिनिटे ठेवावा, मगच धुवावा. लगेच धुतल्यास औषधाला काम करण्यास अवधीच मिळत नाही. शाम्पूचा अंश राहू देऊ नये. बोअरचे पाणी जड असेल तर भरपूर पाण्याने दोनदा धुवावे. नंतर बोटांच्या बेचक्या, काखा व जांघा कोरड्या कराव्यात. पावसाळ्यात हा नियम विशेष.

फिरवून आणल्यावर पंजे व पोट साध्या पाण्याने धुवून पुसावे. कालव्याच्या कडेने व पडीक रानात गाजरगवत माजलेले असते. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण मनुष्यात तीव्र त्वग्विकार उत्पन्न करते, हे आपण रोज पाहतो; खाजणाऱ्या श्वानालाही त्यापासून दूर ठेवावे.

कान वाहत असेल तर कर्णपूरण करू नये. पडदा फाटलेला असल्यास आत टाकलेले तेल हानी करते. आधी तपासणी, मग औषध.

आहाराची शंका असल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने किमान आठ आठवडे असे अन्न द्यावे, ज्यातील प्रथिन त्या कुत्र्याने पूर्वी कधी खाल्लेले नाही. श्वानांत गोमांस, दूध, कोंबडी व गहू ही वारंवार आढळणारी असात्म्य द्रव्ये आहेत. आपल्याकडचा दूध-चपाती आणि कोंबडीचा नित्यक्रम पाहता हे महत्त्वाचे. खाज थांबल्यावर जुने अन्न पुन्हा सुरू करून ती परतते का हे पाहिल्याशिवाय निदान पक्के होत नाही. आपल्या उपशय-अनुपशयाचेच हे रूप आहे. मात्र या काळात घरातील एकानेही बिस्कीट दिले तर सर्व श्रम वाया जातात. म्हणून ही सूचना सर्व कुटुंबाला एकत्र बसवून द्यावी, विशेषतः आजी-आजोबांना व मुलांना.

मालकाने एका वहीत दर आठवड्याला खाजेची तीव्रता शून्य ते दहा या मापाने लिहावी, सोबत ऋतू, आहार व दिलेले औषध नोंदवावे. वर्षभराची अशी नोंद पशुवैद्यकाला निदानासाठी बहुमोल ठरते.

वैद्याची मर्यादा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशूंची चिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकाचा अधिकार आहे. बी.ए.एम.एस. पदवी मनुष्यचिकित्सेची आहे. रुग्णाच्या आग्रहाला बळी पडून कुत्र्यासाठी काढा लिहून देणे हे कायद्याला आणि शास्त्राला धरून नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात निदान न झाल्यास शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय किंवा परळ येथील, १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय यांचा मार्ग दाखवावा.

घरातील माणसांना पुरळ आले असेल तर मात्र ते आपले रुग्ण आहेत. अशा वेळी घरातील श्वानाबद्दल आवर्जून विचारावे. खरूज किंवा नायटा आढळल्यास माणसाचा व श्वानाचा उपचार एकाच वेळी, दोन्ही चिकित्सकांनी परस्परांशी बोलून करावा. प्रत्येक वैद्याने आपल्या तालुक्यातील पशुवैद्यकाशी एवढा परिचय ठेवला, तर कित्येक मुके जीव अंगणाबाहेर जाण्यापासून वाचतील. या सूचनेचा वैद्यबंधू-भगिनींनी विचार करावा, ही विनंती. इत्यलम्.